कॉलिन मॅक्रे आणि आपला घाट

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एका दिवंगत नामवंत व्यक्तीचं चरित्र लिहून द्यायचं, असं आपल्या ग्रुपवर ठरलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. तासाभराने फोन उघडला तर साने गुरुजी गेले होते, कलाम गेले होते, आनंदीबाई जोशी गेल्या होत्या, लता मंगेशकरांवर तर तिघांनी हक्क सांगितला होता. मी कॉलिन मॅक्रे असं नाव टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, हा न्यूझीलंडचा विकेटकीपर का? नाही, तो मॅक्युलम, आणि तो हयात आहे. हा मॅक्रे स्कॉटलंडचा. गाड्यांच्या शर्यतीतला, त्यातही रॅलीतला. २००७ साली गेला.

गाड्यांशी माझा काय संबंध, असं आपल्या बाईंनी नक्की विचारलं असतं. सांगते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या हॉस्टेलच्या खोलीत चौघींनी वर्गणी काढून एक असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला होता. घरी कारण अभ्यासाचं सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. त्यावर कुठून तरी हातोहात आलेली एक सीडी होती, कॉलिन मॅक्रे रॅली. १९९८ साली निघालेला गेम. निळी गाडी, पिवळी अक्षरं, चिखलाचा रस्ता आणि शेजारी बसलेल्या कुणाचा तरी आवाज. तो आवाज पुढचं वळण येण्याआधीच सांगायचा, डावं आहे की उजवं आणि किती अवघड आहे. सहा म्हणजे जवळपास सरळ, एक म्हणजे गाडी थांबवूनच वळवावी असं. मला पहिल्या रात्रीपासून त्या गाडीपेक्षा या आवाजाचं नवल वाटलं. आपण पसरणीच्या घाटातून एसटीने पाचगणीला जायचो तेव्हा मी नेहमी पुढच्या सीटसाठी भांडायचे, आठवत असेल. ड्रायव्हरकाकांना पुढचं वळण कसं कळतं, हा मला लहानपणी पडलेला सगळ्यात मोठा प्रश्न होता. आणि इथे एक माणूस वहीतून वाचून ते सांगत होता!

तो आवाज निकी ग्रिस्टचा, म्हणजे मॅक्रेच्या खऱ्याखुऱ्या सहचालकाचा, हे मला फार नंतर समजलं. मॅक्रे हा खरा माणूस आहे हेसुद्धा मला आधी माहीत नव्हतं. गेममधलं पात्र असेल असं वाटायचं.

रॅली म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं, कारण टीव्हीवर आपण पाहतो ती गोल ट्रॅकवरची शर्यत वेगळी. रॅलीत गाड्या एकमेकींशेजारी धावत नाहीत. एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते, वाहतुकीला बंद केलेल्या जंगलातल्या किंवा डोंगरातल्या रस्त्यावर, आणि लढत फक्त घड्याळाशी. असे अनेक टप्पे दोन-तीन दिवसांत पार करायचे. दोन टप्प्यांमधला रस्ता मात्र तुमच्याआमच्यासारखा नियम पाळून, सिग्नलला थांबून कापायचा. त्यामुळे गाडीला नंबरप्लेट असते आणि चालकाला लायसन्स लागतं. शर्यतीच्या आधी एकदा हळू गाडी चालवत जाऊन प्रत्येक वळणाची नोंद वहीत करतात. मग शर्यतीत सहचालक ती वाचत जातो आणि चालक समोर जे दिसतंय त्यापेक्षा कानावर जे पडतंय त्यावर विश्वास ठेवून गाडी फेकतो. फेकतो हाच शब्द बरोबर आहे. मातीच्या रस्त्यावर वळणाआधीच गाडी आडवी करावी लागते, नाहीतर ती सरळच जाते. घर्षणाचा धडा शिकवताना आपल्या विज्ञानाच्या सरांनी टेबलावर पावडर टाकून ठोकळा सरकवला होता. त्या ठोकळ्यात माणूस बसवला की रॅली झाली.

ब्रिटनची राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९५८ साली सुरू झाली. १९६० पासून तिथल्या मोठ्या आरएसी रॅलीने सरकारी वनखात्याचे रस्ते वापरायला सुरुवात केली आणि या खेळाचं रूपच पालटलं. धुकं, चिखल, दोन्ही बाजूंना झाडं. रॉजर क्लार्क हा तिथला पहिला मोठा तारा, चार वेळा राष्ट्रीय विजेता. आरएसी रॅली मात्र बहुतेक वेळा फिनलंड-स्वीडनचे लोक येऊन जिंकून नेत. १९७६ मध्ये क्लार्कने ती जिंकली, आणि त्यानंतर पुढची सतरा वर्षं कुणाही ब्रिटिश माणसाला ती जिंकता आली नाही. राष्ट्रीय स्पर्धेतही हे उत्तरेकडचे पाहुणे येत. आरी वातानेन, हानू मिकोला, स्टिग ब्लोमक्विस्ट हे सगळे तिथले विजेते आहेत. या पाहुण्यांच्या गर्दीत एका स्कॉटिश माणसाने १९८१, १९८२, १९८४, १९८७ आणि १९८८ असं पाच वेळा विजेतेपद मिळवलं. त्याचं नाव जिमी मॅक्रे. लॅनार्क नावाच्या लहानशा गावात त्याचा प्लंबिंगचा धंदा होता.

कॉलिन हा या जिमीचा थोरला मुलगा, जन्म ५ ऑगस्ट १९६८. चौथा अलिस्टर... नाही, चुकले, अलिस्टर धाकट्यांपैकी एक, तोही पुढे १९९५ साली ब्रिटनचा राष्ट्रीय विजेता झाला. एकाच घरात बाप आणि दोन मुलं मिळून आठ विजेतेपदं. कॉलिनला आधी मोटरसायकलचा नाद होता, शाळकरी वयात तो मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींत भाग घ्यायचा. सतराव्या वर्षी उसनी गाडी घेऊन पहिली रॅली केली. चांगला चालला होता, मग रस्ता सोडून गाडी बाहेर गेली, काही मिनिटं वाया गेली आणि चौदावा आला. त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची कहाणी या एका ओळीत येते असं मला वाटतं. वेग, मग रस्त्याबाहेर, मग परत रस्त्यावर.

वडील विजेते म्हणून मुलाला सगळं आयतं मिळालं असेल, असा माझा समज होता. तसं झालं नाही. तो वडिलांच्या धंद्यात प्लंबिंगचं काम करत होता आणि जुनी टॅल्बट सनबीम घेऊन स्कॉटलंडच्या स्पर्धेत उतरत होता. जिमी शांत, मोजून मापून चालवणारा. गाडी घरी आणायची हे त्याचं पहिलं धोरण. कॉलिनला ते कधी जमलं नाही. गाड्या इतक्या मोडल्या की त्याच्या आडनावाची मोडतोड करून लोकांनी त्याला मॅक्क्रॅश म्हणायला सुरुवात केली. १९८८ मध्ये त्याने स्कॉटलंडचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्याच वर्षी वडील ब्रिटनचे विजेते होते. बाप राष्ट्राचा आणि लेक राज्याचा, असं आपल्याकडे म्हटलं असतं.

१९९१ साली प्रोड्राइव्ह या संघाने त्याला सुबारू लेगसी दिली. त्या वर्षी तो ब्रिटनचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि १९९२ मध्ये पुन्हा, मोसमातल्या सहाच्या सहा रॅली जिंकून. त्याच १९९२ मध्ये फिनलंडच्या रॅलीत मात्र त्याने गाडी इतक्या वेळा उलटी केली की ती शेवटी चेपलेल्या डब्यासारखी दिसत होती. तरी तो आठवा आला! त्या चेपलेल्या गाडीचे फोटो आजही लोक कौतुकाने दाखवतात. १९९३ मध्ये न्यूझीलंडला त्याने जागतिक मालिकेतली पहिली रॅली जिंकली, सुबारूचाही तो पहिलाच जागतिक विजय. त्यानंतर जुनी लेगसी निवृत्त झाली आणि इम्प्रेझा आली, माझ्या गेममधली ती निळी गाडी. १९९४ च्या नोव्हेंबरात त्याने आरएसी रॅली जिंकली. क्लार्कनंतर पहिला ब्रिटिश.

आता १९९५. त्या वर्षी आपण दहावीला होतो. दिवाळीनंतर पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक लागलं होतं आणि सगळे वर्ग जादा तासांनी भरले होते. त्याच दिवसांत तिकडे जे चाललं होतं ते आपल्याला कुणालाही माहीत नव्हतं, पण मी नंतर त्याबद्दल इतकं वाचलं आहे की ते आपल्या दहावीचाच भाग वाटतं.

मॅक्रेच्या संघात स्पेनचा कार्लोस साइन्झ होता, दोन वेळचा जगज्जेता, अनुभवी. वर्षाच्या सुरुवातीच्या दोन्ही रॅलींत मॅक्रे बाद झाला. मग पोर्तुगालला तिसरा, कॉर्सिकाला पाचवा, न्यूझीलंडला पहिला, ऑस्ट्रेलियाला दुसरा असं करत तो वर आला. शेवटून दुसरी रॅली स्पेनमध्ये, म्हणजे साइन्झच्या घरी. संघाने ठरवलं की साइन्झ पुढे आहे तर त्यालाच जिंकू द्यायचं, आपसात लढून गाड्या मोडायच्या नाहीत. मॅक्रेला हे पटलं नाही. तो वेगातच राहिला आणि वेळेच्या हिशोबात पुढे गेला. शेवटच्या टप्प्यावर संघाची माणसं हळू जाण्याचा इशारा करत रस्त्यात उभी राहिली, तरी त्याने गाडी हळू केली नाही. अखेर वादावादीनंतर तपासणी नाक्यावर मुद्दाम उशिरा हजेरी लावून एका मिनिटाचा दंड त्याने ओढवून घेतला आणि साइन्झ जिंकला. दोघांचे गुण झाले सत्तर-सत्तर, आणि उरली फक्त एक रॅली, ब्रिटनमधली.

त्या घटनेत कुणाची बाजू घ्यावी हे माझं अजून ठरत नाही. मी वीस वर्षं टीममध्ये काम करते आहे. वरून आलेला न पटलेला निर्णय मुकाट्याने पाळल्याचे आणि नंतर आठवडाभर झोप न लागल्याचे प्रसंग माझ्याकडेही आहेत. मॅक्रेने निर्णय पाळला, पण आपण जिंकलो असतो हे आधी सगळ्यांना दाखवून मग पाळला. मॅनेजर म्हणून विचार केला तर असा माणूस मला टीममध्ये नको. तरीही ती हकीगत वाचताना दर वेळी मी त्याच्याच गाडीत बसलेली असते.

नोव्हेंबरातल्या त्या शेवटच्या रॅलीत सुरुवातीलाच त्याचं टायर फुटलं आणि सुमारे दोन मिनिटं गेली. रॅलीत दोन मिनिटं म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत वीस मार्कांचा प्रश्न सोडून येणं. मग वेल्सच्या आणि उत्तर इंग्लंडच्या जंगलांत त्याने ती दोन मिनिटं सेकंदासेकंदाने परत मिळवली, शेजारी डेरेक रिंगर वही वाचत होता. २२ नोव्हेंबरला त्याने ३६ सेकंदांनी रॅली जिंकली. गुण नव्वद विरुद्ध पंच्याऐंशी. वय सत्तावीस. ब्रिटनचा पहिला जगज्जेता रॅलीचालक आणि तोवरचा सगळ्यात लहान. हा वयाचा विक्रम २०२२ पर्यंत टिकला. तिकडे लॅनार्कमध्ये काय झालं असेल याची मी कल्पना करते, जिथे पाच वेळचा राष्ट्रीय विजेता बाप आता केवळ जगज्जेत्याचा बाप म्हणून ओळखला जाणार होता.

पुढची वर्षं भरभर सांगते. जगज्जेतेपद त्याला पुन्हा मिळालं नाही. १९९७ मध्ये ते एका गुणाने हुकलं. १९९९ पासून तो फोर्डकडे, तिथे संघाचा प्रमुख माल्कम विल्सन, तोही १९९४ चा ब्रिटनचा राष्ट्रीय विजेता. २००१ मध्ये शेवटच्या रॅलीला येताना मॅक्रे एका गुणाने आघाडीवर होता. वेल्समध्ये एक वळण जरा जास्तच आतून कापलं आणि गाडी कोलांट्या खात गेली. जगज्जेता झाला रिचर्ड बर्न्स, मॅक्रेनंतरचा, १९९३ चा ब्रिटनचा राष्ट्रीय विजेता. तो बर्न्स बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, २५ नोव्हेंबर २००५ रोजी मेंदूच्या गाठीने गेला. मॅक्रेच्या नावावर शेवटी पंचवीस जागतिक रॅली विजय राहिले. नंतर तो डाकारच्या वाळवंटात गेला, ल मां शर्यतीत फेरारी चालवून नववा आला.

एक गोष्ट मात्र भरभर सांगणार नाही, कारण ती माझी सगळ्यात आवडती आहे. १९९८ मध्ये अर्जेंटिनात दगडावर आपटून त्याच्या इम्प्रेझाचं मागचं सस्पेन्शन वाकलं. टप्प्यांच्या मधे मेकॅनिक नाहीत, मदत घ्यायची नाही. मॅक्रे आणि ग्रिस्ट गाडीखाली शिरले, रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला आणि ठोकून ठोकून ते सरळ केलं. मग बसले आणि निघाले. कोट्यवधींची गाडी आणि धोंडा! प्लंबरच्या घरात वाढलेला माणूस तो, त्याला वाकलेल्या लोखंडाची भीती वाटत नव्हती.

आणि कॉर्सिका, २००० साल. गाडी रस्ता सोडून खाली कोसळली, उलटी पडली, तो आत अडकला, पेट्रोल गळत होतं. त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला. गालाचं हाड मोडलं. तीन आठवड्यांनी तो इटलीत पुन्हा गाडी चालवत होता. हे मी हॉस्टेलवर वाचलं तेव्हा टाळी वाजवली होती, असं मला स्पष्ट आठवतं.

टाळीची आठवण येण्याला कारण आहे. त्याच सुमारास आपल्या वर्गातला एक जण, नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, मोटरसायकलवरून पसरणीचा घाट किती मिनिटांत उतरतो याची चर्चा आपण दिवाळीच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर करायचो. मी त्याला मॅक्रे म्हणायचे. हे नाव मीच दिलं होतं, मला तो गेम माहीत होता म्हणून. त्याला आवडायचं. दोन वर्षांनी जे झालं ते झालं. त्याची आई यंदा स्नेहसंमेलनाला येणार आहे असं समितीने कळवलं, आणि मी हा विषय घेतला तो त्यामुळे. त्यांना हे आधी वाचून दाखवलं आहे. त्यांनी नको म्हटलं असतं तर लिहिलं नसतं.

१५ सप्टेंबर २००७, शनिवार. मॅक्रे स्वतःचं हेलिकॉप्टर चालवत होता, घर जवळ आलं होतं. लॅनार्कजवळच्या झाडीने भरलेल्या दरीत ते कोसळलं. आत चौघे होते, तो, त्याचा पाच वर्षांचा मुलगा, मुलाचा सहा वर्षांचा मित्र आणि घरोब्यातला एक जण. कुणीही वाचलं नाही. मी तेव्हा नोकरीनिमित्त परदेशात होते, बातमी ऑफिसात वाचली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या आठवणीसाठी इंग्लंडमध्ये हजाराहून जास्त सुबारू गाड्या एकत्र जमल्या. फोटो पाहून तेव्हाही डोळे भरून आले होते.

मग २०११ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयीन चौकशीचा निकाल आला. हेलिकॉप्टर नेमकं कशामुळे पडलं ते निश्चित करता आलं नाही. पण मॅक्रेचा वैमानिक परवाना २००५ मध्येच संपला होता, त्या प्रकारच्या हेलिकॉप्टरची त्याची पात्रता नूतनीकरण केलेली नव्हती, आणि तो गरज नसताना दरीत खाली, धोकादायक उंचीवर उडत होता, असं शेरीफने नोंदवलं. घरच्यांना हा निष्कर्ष रुचला नाही. मी ते सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

परवाना नूतनीकरण न केल्याने हेलिकॉप्टर पडत नाही, हे मलाही कळतं. आमच्या क्षेत्रातही तपासणी न करता सोडलेला प्रोग्रॅम बहुतेक वेळा चालतो. मीही एकदा रात्री उशीर झाला म्हणून चाचणी न करता सोडला होता, चालला. म्हणूनच दुसऱ्यांदा सोडला, तो चालला नाही, आणि सकाळपर्यंत काही हजार लोकांची बिलं चुकीची गेली होती. बिलं दुरुस्त करता येतात. त्या निकालानंतर मॅक्रेवर मी रागावले, खूप दिवस. रॅलीत त्याच्या शेजारी बसणारा माणूस स्वतः ठरवून बसत होता, वही त्याच्या हातात असायची, डेरेक रिंगर काय किंवा निकी ग्रिस्ट काय, दोघांनाही माहीत होतं आपण कुणाच्या गाडीत आहोत. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात वही नसते.

आणि तरी मी त्याला मनातून काढू शकले नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. ज्याने धोंड्याने गाडी सरळ केली तो, आणि ज्याने कागद करायचे ठेवून दिले तो. समितीतल्या एकाने सुचवलं होतं की शेवटचा भाग गाळावा, स्मरणिका आहे, चांगलं तेवढं घ्यावं. आपल्या त्या मित्राबद्दलही आपण पंचवीस वर्षं तेच केलं, म्हणून मी गाळला नाही.

मे महिन्यात गावी आले होते तेव्हा मुलीला घेऊन सकाळी लवकर पसरणीचा घाट चढले. ती आता आपण होतो त्याच वयाची, नववीत. तिला एक वही दिली आणि वळणांची नोंद करायला सांगितली, एक ते सहा, डावं उजवं. आधी तिला हसू येत होतं, मग ती गंभीरपणे लिहायला लागली. एका वळणाला मी गाडी कडेला घेतली आणि उतरले. कठड्यावर माकडं होती, खाली वाई दिसत होती. तिने गाडीतूनच विचारलं, याला चार देऊ का. बाहेरून पाहिलं तर ते सोपं दिसतं, चारच वाटतं. मी तिला खाली उतरवलं, पलीकडे चालत नेलं आणि ते वळण पुढे कसं आवळत जातं ते दाखवलं. तिने चार खोडून दोन लिहिलं.